किरणचं बारसं

“आधी ‘की’वरून एक नाव सांगा, मग पातेलं दाखवतो,” आबा गिऱ्हाइकाला म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणजे खालच्या आळीतले एक म्हातारे गृहस्थ, नातीच्या रुखवताची भांडी बघायला आलेले. त्यांना आधी थट्टा वाटली. मग आबांचा चेहरा बघून ते टेकून बसले.

“किसन,” ते म्हणाले.

“जुनं झालं.”

“किशोर?”

“त्या नावाचा एक जण माझी शिडी घेऊन गेलाय, वर्ष झालं. ते नाव घरात नको.”

“मग कीर्तिकुमार ठेवा.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एका तांब्यावर नाव घालत होते. भांड्यांवर नावं घालायचं काम आमच्या दुकानात माझं. आधी छिन्नीनं ठोकून घालायची मी, मग विजेचं मशीन आलं. पेनासारखं धरायचं आणि कर्रर्र करत ओढत न्यायचं. आमच्या अख्ख्या वडूजमध्ये माझ्या हातचं अक्षर नाही असं घर सापडायचं नाही.

“वाटीवर बसंल का गं, कीर्तिकुमार?” आबांनी विचारलं.

“न्हाई. ‘कीर्ति’ बसंल, ‘कुमार’ खाली लोंबंल.”

दोघंही हसले. मी हसले नाही. मला राग आला होता, आणि तो त्या दिवसाचा नव्हता. पाच दिवस झाले होते, आणि पाचही दिवस ह्या घरात आणि दुकानात ‘की’शिवाय दुसरं अक्षर नव्हतं.

माझ्या भावाला, दिनकरला, बुधवारी मुलगा झाला होता. आधीच्या दोन मुली. गुरुजींनी पंचांग बघून मृगशीर्षाचं चौथं चरण सांगितलं आणि अक्षर दिलं ‘की’. तेव्हापासून आबांनी जी मोहीम काढली ती काढली. पुण्याच्या भाच्याला कार्ड लिहिलं. कोर्टातल्या कारकुनाला चहा पाजून विचारलं. एसटी स्टँडवरून बाळांच्या नावांचं पुस्तक आणलं आणि चष्मा लावून ओळन्ओळ वाचलं. माझी आई आजारी असताना तिच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल ह्या माणसानं कधी वाचलं नव्हतं. ते मीच वाचायची, चौथी पास.

तेवढ्यात दिनकर बँकेतून आला. त्यानं सहज सांगितलं, की बँकेत नवे साहेब आलेत, त्यांचं नाव किरण.

“किरण,” आबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, “किरण. साहेबाचं नाव हाय. सुटसुटीत बी हाय.”

“पण ते पोरींचं बी असतंय की,” म्हातारे म्हणाले.

“असंल दुनियेत. आमच्यात पोराचंच.”

आणि ठरलं. रविवारी बारावा दिवस, त्या दिवशी बारसं. आलेल्या प्रत्येक सवाष्णीला एक स्टीलची वाटी, तिच्यावर ‘चि. किरण’. साठ वाट्या आबांनी लगेच माझ्यापुढं मांडल्या. “नीट घाल,” म्हणाले. “घाई करू नगंस. नाव हाय ते, जन्माला पुरतं.”

हे मला सांगत होते. मला.

माझ्या नावाला किती वेळ लागला होता, ते आईनं मला सांगितलं होतं. मी तिसरी मुलगी. मी झाले तेव्हा आबा दुकानात मोडीचं पितळ तोलत होते. शेजारच्या म्हातारीनं जाऊन सांगितलं, मुलगी झाली. आबांनी तराजूवरची नजर काढली नाही. “नको हुती,” एवढंच म्हणाले. म्हातारी म्हणाली, मग तेच नाव ठेवा, देवाला कळतं, पुढच्या खेपेला मुलगा देतो. नाव झालं. नकुसा. बारसं नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. तराजूचा काटा स्थिर व्हायच्या आत नाव ठेवून झालं.

दोन वर्षांनी दिनकर झाला आणि दुकानाची पाटी रंगवून घेतली, ‘दिनकर मेटल मार्ट’. नावाचा गुण आला, असं आबा गावभर सांगत सुटले. त्यात माझी वाहवा होती असं त्यांना मनापासून वाटायचं.

शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे. “नकुसा” म्हटलं की पोरं मागून ओरडायची, “नको, नको.” मास्तरही हसायचे. चौथीनंतर मीच गेले नाही.

लग्नात मात्र नाव बदललं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘शैलजा’ लिहिलं. सव्वा वर्ष मी शैलजा होते. मग त्यांनी मला माहेरी आणून सोडलं. कारण काय ते आज सांगत बसत नाही, त्यातही माझं काही चुकलं नव्हतं. नवऱ्यानं दुसरी केली आणि तिचंही नाव शैलजाच ठेवलं. रुखवतातली सगळी भांडी तिथंच राहिली होती ना, ‘सौ. शैलजा’ घातलेली. भांडी बदलण्यापेक्षा बायको त्या नावात बसवणं सोपं. मी परत नकुसा झाले. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला दिनकर मला आक्का म्हणायचा, वैजू, त्याची बायको, वन्सं म्हणायची. पुऱ्या नावानं हाक मारायचे ते फक्त आबा.

वाट्यांवर नाव घालायला मी गुरुवारी बसले. माझ्याजवळ दिनकरची धाकटी लेक येऊन बसली. तीन वर्षांची. घरात सगळे तिला नकू म्हणायचे. ऐकायला किती गोड वाटतं बघा. रस्त्यातली माणसं थांबून गाल ओढायची, “नकू, कुठं निघालीस गं?” पण ते गोड नाव ज्या नावातून काढलेलं होतं, ते नाव माझंच होतं. ती दुसरी नकुसा. थोरली अश्विनी, ही नकुसा.

एकावर एक वाट्या रचायच्या आणि पाडायच्या, हा तिचा खेळ.

“आत्या, हे काय लिवलं?”

“बाळाचं नाव.”

“ह्याच्यावर?”

“त्याच्यावर पण बाळाचंच.”

“समद्या बाळाच्या?”

“व्हय.”

ती भांडली नाही, रडली नाही. तेच मला जास्त लागलं. तीन वर्षांच्या पोरीनं ह्यावर भोकाड पसरायला पाहिजे होतं. ती वाटी उलटी करून बोटानं वाजवायला लागली.

शुक्रवारी बालवाडीच्या लोखंडे बाई दुकानात आल्या. जूनपासून बालवाडी सुरू व्हायची होती, गल्लीतली तीन वर्षांची मुलं वहीत लिहून घेत फिरत होत्या. नकूला बघून हसल्या. तिला विचारलं, नाव काय? ती म्हणाली, नकू. बाईंनी मग आबांना विचारलं.

“नकुसा दिनकर तांबट,” आबा म्हणाले.

बाईंनी पेन उचललेलं खाली ठेवलं. “तसं नाही, मी शाळेत घालायचं नाव विचारतेय. बालवाडीत जे लागतं तेच पुढं शाळेला जातं.”

“तेच लिवा.”

मी मशीन बंद केलं. 

“आबा,” मी म्हणाले, “मुलगा झाला की हिचं नाव बदलायचं ठरलं हुतं.”

“कुणाशी ठरलं हुतं?”

“माझ्याशी. तुमी शब्द दिला हुता.”

“दिला हुता, न्हाई म्हणत न्हाई.” आबा बाईंकडं बघून समजावणीच्या सुरात बोलायला लागले, जशी काही मी नसून त्या भांडत होत्या. “पण बाई, तुमीच सांगा. कालपरवा पोर झालंय. लगेच नाव बदललं तर देवाला काय वाटंल? काम झालं, आता ओळख न्हाई? पोराला जरा बाळसं धरू दे. पाच वर्षं जाऊ देत. मग बघू.”

“पाच वर्षांत ती शाळेत दुसरीला असंल,” मी म्हणाले. “रोज हजेरीत तेच नाव.”

“तू गेलीस की चौथीपर्यंत. मेलीस का?”

असं म्हणाले. परक्या बाईसमोर, ठोकलेल्या ताटाइतक्या सपाट आवाजात. माझ्या हातात मशीनचं पेन होतं. ते मी त्यांच्या अंगावर भिरकावलं नाही ह्याचं मला आजही नवल वाटतं.

“मेले न्हाई,” मी म्हणाले. “पण शब्द मोडताय तुमी.”

“तुला ह्यात बोलायला तोंड तरी हाय का?” आबा म्हणाले. “तुला?”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. का नव्हतं ते पुढं सांगते. मी गप्प झाले, आणि मी गप्प झाले म्हणजे आबांचं बरोबर, असं तिथं ठरून गेलं. लोखंडे बाई मात्र भल्या. त्यांनी वहीत ‘दिनकर तांबट’ लिहिलं आणि त्याआधीची जागा मोकळी सोडली. “सोमवारी वही वर पाठवायची आहे,” माझ्याकडं बघून म्हणाल्या. “सकाळी येते. काय ते ठरवून ठेवा.”

मी तशीच आत गेले. वैजू बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर बसून बाळाला पाजत होती. दुकान आणि घर लागूनच, मधे एक पडदा. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

“बोल की दिनूला,” मी म्हणाले. “बाप हाय तो.”

“बोलले. पहिल्याच दिवशी बोलले. आबांना विचार म्हणाले.”

“मग आबांना विचार.”

“मी?” वैजू म्हणाली.  तिच्या त्या ‘मी’तच सगळं आलं. मग बाळाच्या डोक्यावरचं कुंचडं सारखं करत ती हळू म्हणाली, “वन्सं, नकू हे मी काढलं. तिला पुऱ्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळंना, म्हणून काढलं. मी एकदा बी पुरं नाव घेतलेलं न्हाई.”

“मला ठाऊक हाय.”

“तुमीच काय ते करा वन्सं. तुमच्यापास्नं सुरू झालंय.”

हे ती रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी उलट बोलले असते. आबा आणि वैजू, एकाच तासात दोघांनी एकच गोष्ट माझ्या पदरात टाकली होती. मी बाहेर येऊन उरलेल्या वाट्यांवर नाव घातलं. एकही अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. चि. किरण. चि. किरण. चि. किरण.

रविवारी सकाळी दहाला बायका जमल्या. पाळण्याला निशिगंधाच्या माळा, खाली रांगोळी, परातीत घुगऱ्या, बाजूला वाट्यांचा ढीग. पुरुष बाहेर ओसरीवर सतरंजीवर. आबांनी नवं धोतर नेसलं होतं आणि आलेल्या प्रत्येकाला मृगशीर्षाचं चौथं चरण समजावून सांगत होते. वैजू नवी साडी नेसून पाळण्याजवळ पाटावर बसली होती. माझ्या थोरल्या दोघी बहिणी आपापल्या सासरहून आलेल्या, पण नाव ठेवायचा मान माझा. दिनकर माझ्या पाठीवर झाला म्हणून. आबांनीच ते सगळ्यांना बजावलं होतं.

गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याखालून वर, वरून खाली वरवंटा फिरवून झाला. बगाडे काकू आमच्या गल्लीतल्या सगळ्या बारशांच्या पुढारी. त्यांनी मला पाळण्यापाशी ओढलं. “चल गं आत्याबाई. वाक आता.”

आमच्याकडं रीत अशी, की आत्या बाळाच्या कानाशी वाकली की बाकीच्या बायका ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव सांगेपर्यंत घालतात. थट्टेचे असतात, पण काही बायका वर्षाचा राग काढून घेतात. मी वाकले. बाळ झोपलं होतं. चांगलं गुटगुटीत, कपाळावर तीट. त्या जिवाचा काय दोष? माझ्या पाठीत धपाटे पडायला लागले.

मी नाव सांगितलं नाही.

“सांग की गं,” कुणीतरी म्हणालं. धपाटे चालूच.

माझ्या डोळ्यांपुढं तीन वर्षांपूर्वीचं बारसं उभं राहिलं. हाच पाळणा, ही जागा. माळा नव्हत्या. बायका चार. वैजू भिंतीकडं तोंड करून बसलेली. आदल्या दिवशी आबांनी मला दुकानात बोलावून सांगितलं होतं, “उद्या तू तुझंच नाव सांग तिच्या कानात. तुझ्या पाठीवर दिनू झाला, हिच्या पाठीवर बी हुईल. मुलगा झाला की बदलू, माझा शब्द हाय.” आणि मी वाकले होते, आणि सांगितलं होतं. बारा दिवसांच्या पोरीच्या कानात ‘नकुसा’ म्हणणारी मीच. दुसरं कुणी नाही.

मी नको म्हणू शकले असते. मी तेव्हा नुकती नवऱ्याकडून परत आले होते, आबांच्या घरात खात होते, हे एक कारण झालं. लोकांना सांगायला ते बरं आहे. पण खरं कारण अजून एक होतं आणि ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. ते नाव सांगताना एक क्षण मला बरं वाटलं होतं. आता ह्या नावाची ह्या घरात मी एकटी नाही, असं वाटलं होतं. एवढ्याशा पोरीला मी माझ्या सोबतीला खड्ड्यात ओढलं, आणि मला बरं वाटलं.

पाठीत एक जोरात बसला. माझी थोरली बहीण म्हणाली, “काय गं, विसरलीस काय?”

मी सरळ उभी राहिले. नकू दाराच्या उंबऱ्यावर बसून फ्रॉकच्या ओच्यात घेतलेल्या घुगऱ्या खात होती. मी बायकांमधून वाट काढत गेले, तिला उचललं. घुगऱ्या सांडल्या. तिला काखेत घेऊन पाळण्यापाशी परत आले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“किरण,” मी म्हणाले. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिचं नाव किरण.”

बायका हसल्या. त्यांना वाटलं मी गोंधळले. बगाडे काकू म्हणाल्या, “अगं येडे, पोराच्या कानात सांगायचं. ही कुठनं आणलीस?”

“हिच्याच कानात सांगायचं हुतं. तीन वर्षं उशीर झाला.”

“आन् पोराचं?”

“ते तुमी बघा. आत्या मी हाय. आत्यानं पाळण्यापाशी सांगितलेलं नाव फिरवायचं नसतं, असं काकू तुमीच सांगता ना दर बारशाला? आता फिरवू नका.”

हसणं थांबलं. कुणीतरी ओसरीवर जाऊन सांगितलं असावं. आबा आत आले, त्यांच्या मागं दिनकर. आबांचं तोंड काळंनिळं झालं होतं.

“काय चालवलंस?”

“बारसं.”

“साठ वाट्यांवर माझ्या नातवाचं नाव घातलंय. साठ.”

“मीच घातलंय. ‘चि. किरण’ घातलंय. नातवाचं हाय असं कुठं लिवलंय, दाखवा. एका तरी वाटीवर दाखवा.”

आबांनी खरोखरच एक वाटी उचलली आणि बघितली. पाठीमागं कुणीतरी बाई फस्कन हसली आणि पदर तोंडात कोंबला. आबांनी ती वाटी ढिगावर आदळली.

“पोराच्या मुळावर उठलीस,” ते म्हणाले. आवाज आता फाटला होता. “मुडदा पाडशील त्याचा. त्या नावाच्या गुणावर पोर आलंय, आन् तू आजच्या दिवशी ते मोडतीस?”

“नावानं माणूस मरत असता तर मी कवाच मेले असते, आबा. तुमी माझं नाव तराजूपुढं बसून ठेवलंत. ह्याच्या नावासाठी पुस्तक आणलंत. मला त्याचं काय न्हाई. माझं जाऊ दे, माझं झालं जगून. पण माझ्या तोंडून हिच्या कानात ते घालायला लावलंत आणि शब्द दिलात. शब्द मोडलात. म्हणून मी माझ्या तोंडानं ते काढलं. माझाच मान हाय ना? मी माझा मान घेतला.”

मी बहुधा ओरडत होते. नकू माझ्या मानेला घट्ट धरून होती, तिला काही कळत नव्हतं आणि तिचा एक हात अजून घुगऱ्यांनी चिकट होता. आबांनी दिनकरकडं बघितलं. “बघतोस काय? घे तिला खाली.”

दिनकर एक पाऊल पुढं आला आणि थांबला. त्यानं वैजूकडं बघितलं. तेवढी अक्कल त्याला त्या दिवशी देवानं दिली.

वैजू पाटावरून उठली. बारा दिवसांची बाळंतीण, पाळण्याच्या दांडीला धरून उठली. तिनं आबांपुढं डोक्यावरचा पदर सारखा केला, नेहमीसारखा, आणि खाली बघूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काकू, नाव झालं. घुगऱ्या वाटा.”

बगाडे काकूंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्या परातीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “आईनं सांगितल्यावर मी काय बोलणार? या गं बायांनो. वाट्या पुढं करा.” बायका एकेक करून आल्या, ‘चि. किरण’ वाटीत घुगऱ्या घेतल्या, बाळाला बघितलं, नकूच्या गालाला हात लावला आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत वडूजभर झालं असणार. मला त्याची फिकीर नव्हती.

सोमवारी लोखंडे बाई आल्या तेव्हा वैजू स्वतः पडदा बाजूला सारून दुकानात आली आणि म्हणाली, किरण लिहा. बाईंनी लिहिलं. बाळाचं नाव पुढच्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीनं येऊन ठेवलं, मकरंद. ‘की’चा नाद आबांनी सोडला. मकरंदला काही झालं नाही. धडधाकट वाढला, भला माणूस निघाला, त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता. किरणला ह्यातलं काही आठवत नाही. तिला वाटतं तिचं नाव पहिल्यापासून किरणच.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या दुपारचं. पाहुणे गेले. घरातलेच तेवढे जेवायला बसलो. आबा भिंतीशी पाटावर, शेजारी दिनकर, समोर दोन्ही पोरी. मी चुलीजवळ बसून वाढत होते, वैजू खोलीच्या दारात ताट घेऊन.  आबांनी तांब्या उचलला, तो रिकामा होता.

“नकुसा, पाणी दे,” ते म्हणाले.

धाकटी उठायला लागली. तिला वाटलं तिलाच. मी हात लांब करून तिचं मनगट धरलं. “तुला न्हाई हाक मारली,” मी म्हणाले. “तू किरण. बस, जेव.” ती बसली.

“नकुसा,” आबा पुन्हा म्हणाले.

मी तव्यावरची भाकरी उलटली.

“बहिरी झालीस का? नकुसा, पाणी दे म्हणतोय.”

“कुणाला हाक मारताय?” मी विचारलं. “त्या नावाचं आता घरात कुणी न्हाई.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पण बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. त्यांना मला हाक मारायची होती आणि काय म्हणून मारायची ते त्यांना सापडत नव्हतं. लेकीचं दुसरं नाव त्यांच्यापाशी नव्हतंच. दिनकर तांब्या घ्यायला हलला, तर वैजूनं दारातून नुसती मान हलवली, आणि तो हात मागं घेऊन भात कालवायला लागला. कुणीच उठलं नाही. शेवटी आबा गुडघ्यावर हात टेकून स्वतः उठले, माठाकडं गेले आणि पाणी घेऊन आले.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. त्यांचं सगळं मीच केलं, अंथरुणाला खिळले तेव्हाही. मला त्यांनी पुन्हा कुठल्याच नावानं हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायचे. मी ‘अगं’ला ओ द्यायची.